विदर्भकन्या आणि अपत्याची अपेक्षा : लोपामुद्रेपासून वर्ध्याच्या संवादापर्यंत

विवाह हा दोन व्यक्तींचा की दोन कुळांचा, हा प्रश्न मराठी साहित्यात वारंवार चर्चिला गेला आहे. बालविवाह, जरठविवाह, पुनर्विवाह, आंतरजातीय विवाह या विषयांवरील लेखनाचा अभ्यासही पुष्कळ झाला आहे. त्या मानाने याच प्रश्नाचा दुसरा अर्धा भाग दुर्लक्षित राहिला. विवाहानंतर पती-पत्नींमध्ये जे प्रेम निर्माण होते, त्याला अपत्यावाचून स्वतःची प्रतिष्ठा आहे काय? की अपत्य हेच त्या प्रेमाचे प्रमाणपत्र मानले जाते? परंपरेने या प्रश्नाला दिलेले उत्तर एकमुखी नाही. ते तसे आहे असा समज मात्र दृढ आहे. प्रस्तुत लेखात विदर्भाशी, आणि विशेषतः वर्धा परिसराशी, निगडित असलेल्या काही कथा, ग्रंथ व घटना यांच्या आधारे या प्रश्नाची मांडणी केली आहे.

प्राचीन वाङ्मयात विदर्भाची ओळख प्रामुख्याने तेथील राजकन्यांमुळे झाली आहे. लोपामुद्रा, दमयंती, इंदुमती आणि रुक्मिणी या चौघीही विदर्भकन्या होत. रुक्मिणीचे माहेर म्हणून प्रसिद्ध असलेले कौंडिण्यपूर वर्धा नदीच्या पश्चिम तीरावर, अमरावती जिल्ह्यात आहे. नदी ओलांडली की वर्धा जिल्ह्यातील आर्वीचा प्रदेश लागतो. या चौघींच्या कथांमध्ये एक समान सूत्र आढळते. प्रत्येकीच्या कथेत स्त्रीची निवड किंवा तिची स्पष्ट इच्छा ही कथानकाला गती देणारी शक्ती आहे. दमयंती देवांना डावलून नलाला वरते. इंदुमती स्वयंवरात अजाची निवड करते. रुक्मिणी भावाने ठरविलेला शिशुपालाचा संबंध नाकारून कृष्णाला निरोप धाडते. लोपामुद्रेचे वेगळेपण असे की तिचा प्रश्न वराच्या निवडीचा नाही. तो विवाहानंतरचा आहे.

प्रजा आणि प्रीती

महाभारताच्या वनपर्वातील अगस्त्याख्यान अपत्याच्या अपेक्षेपासूनच सुरू होते. अगस्त्याला त्याचे पितर एका गर्तेत डोके खाली करून लोंबकळताना दिसतात. वंश खुंटला तर आपली सुटका नाही, असे ते त्याला सांगतात. त्यांच्यासाठी अगस्त्य विवाहाचा निश्चय करतो. आपल्याला योग्य अशी कन्या तो स्वतःच निर्माण करतो आणि अपत्यासाठी तप करीत असलेल्या विदर्भराजाला देतो. ती उपवर झाल्यावर तो तिला मागणी घालतो. राजाची इच्छा नसते, पण नकार दिल्यास शापाचे भय असते. आईबापांचा पेच पाहून लोपामुद्रा स्वतःच या विवाहास संमती देते आणि राजवैभव टाकून वल्कले नेसते.

येथपर्यंतची कथा आज्ञाधारक कन्येची व पत्नीची आहे. अपत्यासाठी अगस्त्य तिला जवळ बोलावतो तेव्हा मात्र कथेला वळण मिळते. पती भार्येचा स्वीकार प्रजेसाठी करतो हे ती मान्य करते. परंतु आपल्या मनात त्याच्याविषयी जी प्रीती आहे तिचाही त्याने मान राखावा, असे ती सुचविते. माहेरी होती तशी शय्या असावी, दोघांनीही अलंकार व पुष्पमाला धारण कराव्यात, तापसी वेषात हा संग नको, अशी तिची मागणी आहे. धनासाठी तप खर्ची घालण्यास अगस्त्य तयार नाही. म्हणून तो प्रथम राजांकडे आणि शेवटी इल्वलाकडे जातो. इल्वल-वातापीची सर्वपरिचित कथा एका पत्नीच्या या मागणीतून उद्भवते, हे सहसा लक्षात घेतले जात नाही.

या प्रसंगाचे महत्त्व 'प्रजा' आणि 'प्रीती' या दोन प्रयोजनांना वेगळे करण्यात आहे. लोपामुद्रा पहिल्याचा निषेध करीत नाही. दुसऱ्याला पहिल्याच्या पोटात गडप होऊ देण्यास ती तयार नाही, एवढेच. ऋग्वेदाच्या पहिल्या मंडलातील एकशे एकोणऐंशीव्या सूक्तात हीच लोपामुद्रा अनेक वर्षांच्या श्रमाने व वार्धक्याच्या चाहुलीने त्रस्त होऊन पतीशी बोलते. तेथेही तिच्या बोलण्याचा केंद्रबिंदू दांपत्यातील जवळीक हाच आहे. आख्यानाच्या अखेरीस अगस्त्य तिला विचारतो, हजार पुत्र हवेत, की दहादहांच्या तोडीचे शंभर, की शंभराशंभरांच्या तोडीचे दहा, की हजारांना पुरून उरेल असा एकच? ती एक पुत्र मागते. 'अष्टपुत्रा' होण्याचा आशीर्वाद देणाऱ्या समाजाच्या स्मृतीत हे उत्तरही जमा आहे.

पोथीचे परिवर्तन

रुक्मिणीच्या कथेचे मराठीतील भवितव्य याहून निराळे, आणि काही अंशी उपरोधिक आहे. तेराव्या शतकाच्या अखेरीस ऋद्धिपूर येथे श्रीगोविंदप्रभूंच्या विवाहसोहळ्याच्या निमित्ताने महदंबेने 'धवळे' रचले. मराठीतील आद्य कवयित्रीची ही रचना रुक्मिणी-कृष्ण विवाहाविषयी असावी आणि ती विदर्भातच घडावी, हा केवळ योगायोग नव्हे. त्यानंतर महानुभाव कवी नरेंद्राने आणि सोळाव्या शतकात एकनाथांनी हाच विषय हाताळला. एकनाथांचे 'रुक्मिणीस्वयंवर' १५७१ मध्ये काशी येथे पूर्ण झाले.

एकनाथांच्या या ग्रंथाला मराठी घराघरांत पोथीचे स्थान मिळाले. उपवर कन्येचा विवाह लवकर जमावा म्हणून तिच्याकडून या पोथीचे पारायण करवून घेण्याची प्रथा रूढ झाली. जिच्या कथेत कन्या कुटुंबाने ठरविलेला विवाह मोडते, ती कथा कुटुंबाने ठरवावयाचा विवाह जुळावा म्हणून वाचली जाऊ लागली. एकनाथांच्या रचनेतील आध्यात्मिक रूपकाने या परिवर्तनाला आधार दिला, हे खरे. जीव-शिवाच्या ऐक्याची कथा म्हणून वाचताना रुक्मिणीच्या बंडाची धार बोथट होते. तथापि दुसरी बाजूही नोंदविली पाहिजे. पारायण करणाऱ्या असंख्य मुलींनी, हेतू कोणताही असो, एका मुलीने स्वतःचा वर स्वतः निवडल्याची कथा पुनःपुन्हा वाचली. परंपरा ज्या ग्रंथाला नियमनाचे साधन बनविते, त्याच ग्रंथाच्या आत तिचे उल्लंघनही जपून ठेविते.

भाषेतील मूल

परंपरेच्या अपेक्षा जशा ग्रंथांत असतात तशा त्या नित्याच्या भाषेतही मुरलेल्या असतात. मराठीतील विवाह व अपत्य यांविषयीचे शब्दप्रयोग या दृष्टीने पाहण्यासारखे आहेत. अपत्य झाले की स्त्रीची 'कूस उजवते', घरात 'पाळणा हलतो', कुळाला 'वंशाचा दिवा' मिळतो. सवाष्णीची 'ओटी' भरली जाते. त्या कृतीत पोट भरलेले असण्याची इच्छा आहे. 'लेकुरवाळी' हा शब्द गौरवाचा, तर 'वांझ' व 'वांझोटी' हे शब्द शिवीच्या पातळीवरचे. पुरुषासाठी याच तोडीचा, तितकाच रुळलेला व तितकाच बोचरा शब्द बोलीभाषेत सहजी सापडत नाही. 'निपुत्रिक' हा शब्द पुरुषाला लावला जातो. पण त्यात दोषापेक्षा दुर्दैवाची छटा अधिक आहे. 'संसार' हा शब्दही असाच आहे. दोघांचाच संसार शब्दार्थाने पूर्ण असला, तरी 'संसाराला लागणे' या प्रयोगात मुलेबाळे गृहीतच धरलेली असतात.

वर्धा जिल्ह्यातील सेलू तालुक्यात बोर अभयारण्याच्या कडेला असलेले हिंगणी, किंवा त्यासारखे कोणतेही गाव घेतले, तरी विवाहित स्त्रीचे जीवन या शब्दांच्या चौकटीत मोजले जाते. डोहाळजेवण, ओटी, पाळणा, बारसे यांची गाणी स्त्रियांच्या मौखिक परंपरेत विपुल आहेत. मूल नसलेल्या, पण सुखी असलेल्या जोडप्यासाठी मात्र विधी नाही, आणि विधी नसल्यामुळे गाणेही नाही. जिथे विधी आहे तिथे भाषा आहे, हे लोकसाहित्याच्या अभ्यासकांना परिचित असलेले सूत्र येथे उलट्या बाजूने प्रत्ययास येते. अपत्यहीन स्त्रीचे दुःख ओवीत येऊ शकते. तिचे प्रेम येण्यासाठी जागा फारशी उरत नाही.

येथे एक सावधगिरी आवश्यक आहे. ही चौकट सर्व समाजांत सारखी नव्हती. विदर्भातील अनेक जातींमध्ये 'पाट' व 'काडीमोड' यांची मुभा रूढीने होती. मोडलेल्या विवाहानंतर स्त्रीला दुसरे घर करता येत असे. उच्चवर्णीय मराठी कादंबरीने स्त्रीची जी कोंडी चित्रित केली तिला संपूर्ण मराठी समाजाचे चित्र मानणे म्हणूनच योग्य नव्हे. तरीही पुत्राची अपेक्षा आणि वांझपणाचा कलंक हे जातीच्या सीमा ओलांडून पसरलेले आढळतात.

दोन दांपत्ये

एकोणिसाव्या शतकातील दोन दांपत्यांची उदाहरणे येथे शेजारी ठेवून पाहता येतील. महादेव गोविंद रानडे यांच्या प्रथम पत्नीचे १८७३ मध्ये निधन झाले. विधवाविवाहाचे पुरस्कर्ते म्हणून त्यांनी विधवेशी विवाह करावा अशी सुधारकांची अपेक्षा होती. वडिलांच्या आग्रहापुढे नमून त्यांनी त्याच वर्षी अकरा वर्षांच्या रमाबाईंशी विवाह केला. पुढे या दोघांमध्ये जो स्नेह निर्माण झाला त्याचे मनोज्ञ दर्शन रमाबाईंच्या 'आमच्या आयुष्यातील काही आठवणी' (१९१०) या ग्रंथात घडते. पतीने शिकवावे आणि घरातील वडीलधाऱ्या स्त्रियांनी त्या शिकण्याचा छळाने बदला घ्यावा, असा ताण या आठवणींत सर्वत्र आहे. प्रेम येथे रूढीच्या आत जन्मते आणि रूढीशी झगडत वाढते. अपत्याऐवजी शिक्षण हे या दांपत्याला जोडणारे सूत्र ठरले, हे या ग्रंथाचे फारसे न चर्चिलेले वैशिष्ट्य होय.

जोतीराव व सावित्रीबाई फुले यांना मूल नव्हते. दुसरा विवाह करण्याविषयी नातलगांचे दडपण असताही जोतीरावांनी तो केला नाही, असे त्यांच्या चरित्रकारांनी नोंदविले आहे. मूल न होण्याचा दोष पत्नीवर टाकून सवत आणणे हे त्या काळी कायद्याने व रूढीने मान्य होते, हे ध्यानात घेतले म्हणजे या नकाराचे मोल कळते. त्यांनी एका ब्राह्मण विधवेचा मुलगा यशवंत याला दत्तक घेतले. १८९० मध्ये जोतीरावांचे निधन झाले तेव्हा अंत्ययात्रेत टिटवे स्वतः सावित्रीबाईंनी धरले. अगस्त्याच्या पितरांनी पुत्राकडून जे मागितले होते, त्या अधिकाराचे चिन्ह येथे पत्नीच्या हाती आले. पुत्रावाचून गती नाही या समजुतीला दिलेले हे उत्तर ग्रंथातील नसून आचरणातील आहे, आणि म्हणूनच ते अधिक बोलके आहे.

वर्धा, डिसेंबर १९३५

विसाव्या शतकात हा प्रश्न नव्या रूपात उभा राहिला. संतती टाळण्याची साधने उपलब्ध झाली आणि 'प्रजा' व 'प्रीती' यांची फारकत प्रत्यक्षात शक्य झाली. मराठीत या विचाराचे प्रवर्तन रघुनाथ धोंडो कर्वे यांनी केले. १९२१ मध्ये त्यांनी मुंबईत संततिनियमनाचे केंद्र सुरू केले. जुलै १९२७ पासून १९५३ मधील मृत्यूपर्यंत 'समाजस्वास्थ्य' हे मासिक चालविले. या कार्यापायी त्यांना प्राध्यापकी सोडावी लागली आणि अश्लीलतेचे खटले सोसावे लागले. १९३४ च्या खटल्यात त्यांची बाजू डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी मांडली. कर्वे व त्यांच्या पत्नी मालतीबाई यांनी स्वतः अपत्य न होऊ देण्याचा निर्णय घेतला होता. कर्व्यांच्या लेखनाचा वाङ्मयीन विचार करताना त्यांच्या भाषेकडे लक्ष जाते. ज्या गोष्टींसाठी मराठीत एकतर शिव्या होत्या किंवा संस्कृतातील आडपडदे होते, त्यांसाठी त्यांनी कोरडी, तर्कनिष्ठ, निःसंकोच भाषा घडविली. 'प्रेम' या शब्दाविषयी मात्र ते साशंक दिसतात. सुख, आरोग्य आणि स्वातंत्र्य ही त्यांची मूल्ये होत.

डिसेंबर १९३५ च्या पहिल्या आठवड्यात संततिनियमनाच्या अमेरिकन प्रवर्तक मार्गारेट सँगर गांधीजींना भेटण्यासाठी वर्ध्यास आल्या. गांधीजींचा मुक्काम त्या वेळी मगनवाडीत होता. शेगावला, म्हणजे पुढच्या सेवाग्रामला, ते १९३६ मध्ये गेले. दोघांमधील संवाद महादेव देसाई यांनी नोंदविला आणि तो 'हरिजन'मध्ये प्रसिद्ध झाला. स्त्रीवर लादल्या जाणाऱ्या मातृत्वाविषयी दोघांचेही एकमत होते. मतभेद उपायाविषयी होता, आणि त्याच्या मुळाशी प्रेमाची व्याख्या होती. गांधीजींच्या मते अपत्याच्या इच्छेवाचून होणारा संग हा प्रेम नसून विकार होय. शुद्ध प्रेम देहाच्या पलीकडे जाते. स्त्रीने पतीला नकार देण्याचे बळ मिळवावे. परस्परांवर प्रेम करणाऱ्या पती-पत्नींनी वर्षानुवर्षे दूर राहणे शक्य आहे काय, आणि दूर राहण्याने त्यांच्यातील स्नेह टिकेल काय, हा सँगरबाईंचा प्रश्न होता. देहाची जवळीक ही प्रेमाची भाषा आहे, अशी त्यांची भूमिका होती.

हा संवाद अगस्त्य-लोपामुद्रेच्या संवादाची आठवण करून देतो. एका बाजूला तप आणि प्रजा, दुसऱ्या बाजूला प्रीती, भूमीही विदर्भाचीच. फरक एवढाच, आणि तो मोठा आहे, की आख्यानात पत्नी स्वतः बोलते. मगनवाडीतील चर्चेत कस्तुरबांचा उल्लेख येतो तो गांधीजींच्या अनुभवाचा भाग म्हणून. चर्चा इंग्रजीत झाली. वर्धा जिल्ह्यातील ज्या बाळंतिणींविषयी ती होती, त्यांची बोली तिच्यात नव्हती. याउलट गांधीजींच्या आग्रहातील एका गोष्टीचे श्रेय त्यांना दिले पाहिजे. विवाहित स्त्रीला पतीस 'नाही' म्हणण्याचा अधिकार आहे, हे त्यांनी निःसंदिग्धपणे सांगितले. साधनांच्या पुरस्कर्त्यांनी या अधिकारावर तितका भर दिला नव्हता.

कादंबरी व नाटक

याच सुमारास मराठी कथा-कादंबरीत एक स्त्री या प्रश्नावर बोलू लागली होती. 'विभावरी शिरूरकर' या टोपणनावाने बाळूताई खरे, म्हणजे पुढच्या मालतीबाई बेडेकर, यांचा 'कळ्यांचे निःश्वास' हा कथासंग्रह १९३३ मध्ये आणि 'हिंदोळ्यावर' ही कादंबरी १९३४ मध्ये प्रसिद्ध झाली. दोन्ही पुस्तकांनी खळबळ उडविली. 'हिंदोळ्यावर'मधील अचला ही पतीपासून दुरावलेली विवाहिता आहे. हिंदू विवाहात तेव्हा घटस्फोट नव्हता. त्यामुळे विरागवरील तिचे प्रेम कायद्याच्या व समाजाच्या दृष्टीने बेघर ठरते. त्यात तिला मातृत्वाचीही ओढ आहे. अपत्याची अपेक्षा येथे बाहेरून लादलेली नाही, ती नायिकेच्या आतून येते. आणि समाज मात्र तिला तो अधिकार नाकारतो. कर्व्यांनी संतती टाळण्याचे स्वातंत्र्य मागितले. विभावरींच्या नायिकेने विवाहाबाहेरच्या प्रेमातून मूल हवे असण्याचे दुःख पुढे ठेवले. एकाच स्वातंत्र्याच्या या दोन बाजू आहेत. मुंबई प्रांतात हिंदूंसाठी घटस्फोटाचा कायदा १९४७ मध्ये झाला. वर्धा जिल्हा तेव्हा मध्यप्रांत-वऱ्हाडात असल्याने तो येथे लागू नव्हता. हिंदू विवाह कायद्याने ही तरतूद १९५५ मध्ये सर्वत्र आली आणि दुसऱ्या पत्नीचा मार्गही त्याच कायद्याने बंद केला.

कायदा बदलल्यानंतरही चौकट बदलली नाही, हे विजय तेंडुलकरांच्या 'शांतता! कोर्ट चालू आहे' (१९६७) या नाटकाने दाखविले. लीला बेणारे ही अविवाहित शिक्षिका प्रा. दामले यांच्यापासून गर्भवती आहे. खेळ म्हणून मांडलेल्या खटल्यात तिच्यावर भ्रूणहत्येचा आरोप ठेवला जातो आणि अखेरीस तिच्या गर्भाचा नाश करण्याचीच शिक्षा फर्मावली जाते. न्यायाधीशाच्या खुर्चीवर बसलेले काशीकर मातृत्वाच्या पावित्र्याचे गोडवे गातात. ते आणि त्यांची पत्नी अपत्यहीन असून त्यांनी बाळू रोकडेला वाढविले आहे, हा तपशील तेंडुलकरांनी सहज दिलेला वाटतो. परंतु नाटकाचा उपरोध त्यातच साठलेला आहे. मातृत्व पवित्र आहे ते विवाहाच्या आत. त्याबाहेर तेच मातृत्व गुन्हा आहे. बेणारेला मूल हवे आहे, त्याच्यासाठी ती बापाचे नाव शोधत फिरते. प्रिय पुरुषाची खुर्ची मात्र रिकामी राहते.

समारोप

वरील विवेचनातून काही निष्कर्ष निघतात. पहिला असा की, अपत्यावाचून प्रेम अपुरे हा विचार परंपरेचा एकमेव आवाज नाही. लोपामुद्रेच्या रूपाने परंपरेने त्याचा प्रतिवादही जतन केला आहे. दुसरा असा की, प्रेमावरील ताण केवळ रूढीच्या सक्तीतून येत नाही. तो भाषेच्या उणिवेतूनही येतो. ज्या जीवनासाठी समाजाकडे शब्द व विधी नाहीत, ते जगणाऱ्यांना आपले सुखही अपुरे वाटू लागते. तिसरा निष्कर्ष असा की, अपत्य नाकारण्याचे आणि अपत्य मागण्याचे स्वातंत्र्य एकमेकांपासून तोडता येत नाही. कर्वे, विभावरी शिरूरकर व तेंडुलकर यांना स्वतंत्रपणे वाचण्याऐवजी एकत्र वाचल्यास ही गोष्ट स्पष्ट होते.

या विषयातील महत्त्वाचे काम अजून व्हावयाचे आहे, आणि ते ग्रंथालयापुरते मर्यादित नाही. बोर नदीच्या खोऱ्यातील हिंगणीसारख्या गावांत जात्यावरच्या ओव्यांची आठवण असलेल्या स्त्रियांची पिढी आता विरळ होत आहे. मूल नसलेल्या स्त्रीविषयी तेथील बोलीत कोणते शब्द आहेत, ते कोण उच्चारते व कोणासमोर उच्चारीत नाही, नवऱ्याच्या मायेचे वर्णन त्या कोणत्या शब्दांत करतात, ही माहिती पदव्युत्तर विद्यार्थ्यांना प्रत्यक्ष संकलनाने मिळविता येईल. मगनवाडीच्या संवादात जी बोली अनुपस्थित होती, ती त्यामुळे तरी अभ्यासाच्या कक्षेत येईल. 'प्रीती'ला 'प्रजे'पासून वेगळे नाव देणारी पहिली विदर्भकन्या आख्यानात सापडली. तिच्या अनाम वारसदारांचे शब्द टिपून ठेवणे हे आता साहित्याच्या अभ्यासकांचे काम आहे.